झोपलेल्यांची संमती

आमच्या ग्रामसेवकांना खोटं बोलता येई, लिहिता येत नसे. सरकारी नोकरीत हे उलटं असलेलं बरं. शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावात रीतीप्रमाणे सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत.

आमच्याकडे ग्रामसभेआधीच रजिस्टर घरोघर फिरे. लोक चहा पिता पिता हजेरीची सही करत आणि वर 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं की गावाचं मत तयार. भाऊसाहेबांनी आल्या आल्या रजिस्टर कपाटात घातलं आणि पहिल्याच सभेला लिहिलं, 'हजर नऊ, पैकी दोन झोपेत.'

"झोपलेला मानूसबी गावचाच हाय की," सरपंच म्हणाले.

"हाय ना. पर त्यानं काय मंजूर केलं ते त्यालाच म्हाईत न्हाई."

पुढे गायरान एका सौर कंपनीला द्यायचा ठराव आला. ज्यांना जमीन नाही त्यांच्या शेळ्या त्याच गायरानावर जगतात. भाऊसाहेब रजेवर होते आणि कपाटाची दुसरी किल्ली सरपंचांकडे होती. रजिस्टर फिरलं. मीही सही केली. जन्मभर शाळेत पोरांची हजेरी घेतली आणि स्वतः घरबसल्या हजर झालो.

परतल्यावर भाऊसाहेब माझ्या ओट्यावर येऊन बसले. "गुरुजी, सही तुमचीच. सभेला हुता का?"

"नव्हतो."

"मंग तेवढं लिहून द्या."

दिलं. लाज वाटली, ती अजून वाटते.

ठराव अडला आणि महिन्याभरात भाऊसाहेबांची बदली पार राजूरकडे झाली. निरोपाला सरपंचांनी त्यांना 'लोकशाहीचे सच्चे पाईक' म्हटलं. भाऊसाहेबांनी शाल घेतली, समोरची डोकी मोजली आणि एसटी गाठली.

नव्या ग्रामसेवकांनी पुन्हा सभा लावली. घरी आलेलं रजिस्टर मी परत पाठवलं आणि देवळापुढे जाऊन बसलो. सरपंच पाऊण तास लोकांच्या इच्छेवर बोलले. शेवटी 'कुणाची हरकत?' असं विचारून लगेच माइक ठेवू लागले. मी हात वर केला.

मागून शेळ्या राखणारी सखूबाई उठली. "लोकांची इच्छा म्हंता, मंग आमी कोन? माजं नाव लिवा."

तिच्यामागे बायका उठत गेल्या. नव्या साहेबांना दुसरं पान घ्यावं लागलं. ठराव पडला.

गावात पहिल्यांदा खरी सभा झाली, आणि ती लिहून घ्यायचा हक्क ज्याचा होता तो माणूस राजूरच्या डोंगरात बसला होता.