बदलून दिलं, आता पुढचं बोला

अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुकानदार ज्या एकाच गिऱ्हाइकाला ‘पुन्हा या’ म्हणत नाहीत, ते गिऱ्हाईक म्हणजे माझ्या बायकोची आत्या. लग्न होऊन त्या लातूरकडून पुनावळ्यात आल्या तेव्हा तिथे उसाची शेतं होती. शेतं जाऊन टॉवर उभे राहिले, आत्यांच्या बोलण्यातलं लातूर मात्र जागचं हललं नाही. वस्तू बिघडली की सगळेच भांडतात. आत्यांचं भांडण सुरू होतं ते वस्तू बदलून मिळाल्यावर. एकदा वाटण करताना त्यांच्या मिक्सरचं पातं निखळलं. कंपनीने मुकाट्याने नवा मिक्सर पाठवला. आत्यांनी लगेच फोन लावला. “मिक्सर पोचला. वाटणाचं काय?” पलीकडच्या मुलीला वाटण म्हणजे काय तेच कळेना, तेव्हा खोबरं भाजण्यापासून सगळी कृती सांगून आत्या म्हणाल्या, “आता तूच सांग बाई, हे पुन्हा कुणी करायचं?” पंखा बदलायला आलेल्या माणसाला त्यांनी शिडीवरून उतरू दिलं नाही. वाईट पंखा तुम्ही लावलात, तर चांगल्या पंख्यांवरची जळमटंही तुम्हीच काढा, हा त्यांचा न्याय. त्याने ती काढली, आणि जाताना त्यांच्या हातची भाकरी आणि ठेचा खाऊन गेला.

मला हे सगळं फार अवघड वाटायचं. मी निघोजेच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. गिऱ्हाइकांकडून परत आलेले सुटे भाग तपासायचे आणि दोष निघाला तर बदलून द्यायचे, हे माझं काम. भाग बदलून दिला की आमच्या लेखी तक्रार मिटली. एकदा धीर करून मी म्हणालो, “आत्या, त्यांनी शब्द पाळला. त्यावर आणखी मागणं जरा जास्तच होतं.”

“जावईबापू,” आत्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “बदलून दिलं म्हणजे चुकलं हे त्यांनी कबूल केलं. कबूल केल्यावरच तर बोलणं सुरू होतंय. तुमी तिथंच उठून जायलाव.”

मला ते पटलं नाही. मग गेल्या वर्षी आत्यांच्या यजमानांच्या, म्हणजे आमच्या मामांच्या, कानाचं मशीन बंद पडलं. आयुष्यभर कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या दणदणाटात काम केल्याने मामांचे कान गेलेले. मशीन नसलं की त्यांना समोरच्याचे नुसते ओठ हललेले दिसतात. मशीन वॉरंटीत होतं. चिंचवडच्या दुकानाने ते ठेवून घेतलं आणि “येईलच एवढ्यात” म्हणून सांगितलं. नेमके त्याच सुमारास मामांचे थोरले भाऊ लातूरकडच्या गावी अंथरुणाला खिळले. आत्यांनी लगेच निघायचं ठरवलं, तर मामाच म्हणाले, “मशीन येऊ दे. आत्ता जाऊन काय करू, दादाला ओरडायला लावू?” रोज संध्याकाळी दादांचा फोन यायचा. आवाज अगदी क्षीण. आत्या तो ऐकायच्या आणि मामांच्या कानाशी तोंड नेऊन एकेक शब्द मोठ्याने सांगायच्या. दुकान रोज “येईलच एवढ्यात” म्हणत राहिलं. एके दिवशी फोन आला तो पुतण्याचा. दादा गेले. मामा गावी जाऊन, सगळं उरकून आले, आणि त्यानंतर नवं कोरं मशीन आलं.

आत्या दुकानात निघाल्या तेव्हा बायकोने मला सोबत धाडलं, भांडण वाढू नये म्हणून. मॅनेजर भला माणूस होता. त्याने हात जोडले. “आजी, मशीन बदलून दिलं ना? वॉरंटीत एवढंच बसतं.”

“वॉरंटीत काय बसतं ते तुमी बघा. माझ्या मनात काय बसलंय ते मी सांगायलेय,” आत्या म्हणाल्या. “माणसाचे कान काढून घेता, तर तोवर लावायला दुसरे देत जा.”

“तसा नियम नाही आजी.”

“मग करा.”

त्याने मशीनला लागणारे सेल वर्षभर फुकट देऊ केले. “फुकटचं मला नको,” आत्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन येऊन बसल्या, तिसऱ्या दिवशीही. त्या दुकानात येणारे बहुतेक कमी ऐकणारे. पण आत्यांचं बोलणं त्यातल्या एकालाही दोनदा सांगावं लागलं नाही. एक निवृत्त मास्तर म्हणाले, त्यांचं मशीन दुरुस्तीला होतं तेव्हा नातीच्या लग्नात ते नुसते मान हलवत बसले होते. एका बाईंनी दारावरची बेल ऐकू न आल्याने परत गेलेल्या मुलाची गोष्ट सांगितली. मी कोपऱ्यात उभा राहून हे ऐकत होतो. बदलून दिलेल्या भागांबद्दल मला कारखान्यात हे कुणी कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मॅनेजर माझ्याकडे वळून म्हणाला, “साहेब, तुम्ही तरी समजवा यांना.”

“त्या बरोबर बोलतायत,” मी म्हणालो. “दुसरं मशीन द्यायला हवं.”

आत्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. मी तिथे बसलो.

आठवड्याअखेर दुकानाच्या काउंटरवर दोन मशीनं आली. जुन्या धाटणीची, कानामागे लावायची, दिसायला बेढब. पण ज्याचं मशीन दुरुस्तीला असेल त्याने तोवर न्यावीत म्हणून ठेवलेली. आत्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, सोबत आणलेल्या मामांचं नवं मशीन काढून ती त्यांच्या कानाला लावली, आपण म्हटलेले आकडे त्यांना परत म्हणायला लावले, आणि मॅनेजरला म्हणाल्या, “या मशीनांना डबीपण द्या. हरवतील.”

मी दोघांना गाडीतून पुनावळ्याला सोडायला निघालो. मामा माझ्या शेजारी बसले होते, आत्या मागे. चौकात गाडी थांबली तेव्हा मामांनी मान वळवून विचारलं, “दादाचा आवाज शेवटी शेवटी कसा झालता गं?”

कुठल्याही प्रश्नाला आत्या थांबलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, मी गाडी पुढे काढली, तरी त्या खिडकीबाहेरच बघत होत्या.

“तुमच्यासारखाच,” त्या म्हणाल्या. “जरा बसला होता, इतकंच.”

घर येईपर्यंत मामा अगदी हलक्या आवाजात एकटेच काहीतरी बोलत राहिले, आणि मान किंचित कलती करून ऐकत राहिले.