कॉम्प्युटर अरबी बोलणार होता तो शुक्रवार

पांढरे कपडे मशीनमध्ये टाकले, पावडर घातली, झाकण लावलं. मशीन नुकतंच घुसळायला लागलं होतं, तेवढ्यात डक्टमधून हुकूम आला.

“दुसरा मजला, वॉशिंग मशीन बंद! चौथा मजला, ओव्हन बंद! आता सुरू करतेय मी.”

आमच्या इमारतीत सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या मधल्या डक्टमध्ये उघडतात, आणि त्या डक्टवर राज्य तिसऱ्या मजल्यावरच्या मादाम इन्शिराहचं. मी निमूटपणे बटण दाबलं. आमच्या लबीबच्या बाबांचा चांगला झब्बा फेसात बुडाला तो बुडालाच.

हुकूम मोडायची सोय नव्हती. आमच्याकडची वायरिंग जुनी आहे, दोन जड यंत्रं एकदम चालली की खालचा फ्यूज उडतो आणि सगळी इमारत अंधारात. एरवी त्यावर थोडी भांडणं होतात आणि संपतं. आज मात्र मादामच्या कॉम्प्युटरची जुनी सिस्टीम जाऊन नवी बसायची होती. अंधांच्या संस्थेतल्या रऊफ मास्तरांनी त्यांना फोनवर बजावलं होतं, की मधेच वीज गेली तर कॉम्प्युटर ना जुना राहील ना नवा. म्हणून मुद्दाम शुक्रवार निवडला. शुक्रवारी गल्लीतल्या सुतारकामाच्या करवती बंद असतात, पुरुष मशिदीत असतात, आणि आम्हा बायकांना दटावायला मादाम एकट्या पुरे पडतात.

मादाम इन्शिराह आमच्या दुम्यात शहराच्या टेलिफोन कचेरीत ऑपरेटर होत्या. सारी उमर डोक्यावर हेडफोन आणि हातात वायरींचे गुंते. कोण कुणाशी बोलतं, कोण कुणाशी बोलणं सोडून बसलंय, सगळं त्यांना ठाऊक असायचं, आणि त्यातलं अक्षरही कधी त्यांच्या तोंडून निघालं नाही. मग काचबिंदूने नजर नेली. कचेरीने निरोपाला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, जे त्यांना दिसत नव्हतं.

“मी निवृत्त नाही झाले गं लबीबच्या आई,” त्या मला म्हणतात. “मला नुसतं खाली ठेवलंय, रिसीव्हरसारखं.”

तरी सवय सुटत नाही. रोज सकाळी पावडर लावून, ब्लाउजला पितळेची पिन टोचून त्या डक्टच्या खिडकीत उभ्या राहतात. “चौथा मजला, तुमच्यासाठी दुसऱ्या मजल्यावरून बोलणं आहे, घ्या.” आम्ही जरा रंगात आलो की मधेच म्हणणार, “तीन मिनिटं झाली, वाढवायची का?” चौथ्या मजल्यावरच्या सुहैरच्या आईला याचा भारी राग. ती म्हणते, “मेलीने माझी गंमत ऐन रंगात तोडली!” आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मादामकडूनच बोलणं जोडून घेते.

खरी गोष्ट सुरू झाली ती तळमजल्यावर. तिथे हाजी साबरींचं फर्निचरचं दालन आहे. पलंग, कपाटं, नवऱ्यामुलीचा अख्खा संसार. त्यांच्याकडे फोन घ्यायला बसणारी मुलगी लग्न होऊन गेली आणि खुर्ची रिकामी झाली. मादामनी डक्टमधून नव्हे, जिना उतरून, भिंतीला हात लावत जाऊन सांगितलं, “हाजी, ती खुर्ची मला द्या.”

हाजी माणूस चांगला, पण जीभ रंध्याच्या पात्यासारखी. “मादाम, फोन तुमच्यासारखा घेणारा अख्ख्या दुम्यातमध्ये सापडायचा नाही. पण आता निम्म्या ऑर्डरी लिहून येतात, कॉम्प्युटरवर. त्या वाचणार कोण? माझा स्वर्गवासी बाप?”

मादामकडे कॉम्प्युटर होता, संस्थेने दिलेला. पडद्यावर जे असेल ते तो वाचून दाखवायचा, पण इंग्रजीत. अरबी अक्षर आलं की मुकाट. म्हणजे पाहुणा घरात आहे, जेवतो आहे, आणि घरच्या भाषेत एक शब्द बोलत नाही! त्याच सुमारास रऊफ मास्तरांनी बातमी दिली, की नवी सिस्टीम यायची आहे, घरबसल्या मिळणार आहे, आणि तिच्यात अरबी वाचणारा आवाज आहे.

मादामनी हाजींकडून मुदत घेतली. नवी सिस्टीम येऊ द्या, मी ऑर्डर वाचून दाखवते. हाजी म्हणाले, “ठीक. पण शनिवारी खुर्चीत कुणीतरी बसलं पाहिजे. तुम्ही नाही, तर माझ्या मेहुण्याची पोरगी. ती ऑर्डर वाचते, पण फोनवर जांभया देते. अल्लाची मर्जी.”

तेव्हापासून आमच्या इमारतीत दुसरा विषय नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात एक चिमुकली खूण आली होती, नाव नोंदवलंय, वेळ आली की कळवू, असं सांगणारी. ती मादामना दिसणार नाही, म्हणून रोज सकाळी नमाज आणि चहा आटोपला की मी वर जाऊन बघून यायची. मी दारात पाऊल टाकते न टाकते तोच त्या विचारणार, “आहे का गं अजून? गेली तर नाही?”

“आहे, मादाम. जागच्या जागी आहे.”

“तिला धूळ पुसून ठेव.”

पुसायचं ते काचेवर, खुणेवर नव्हे, हे मला माहीत होतं. तरी मी पुसायची. एक दिवस मीच तिथे निळा मणी चिकटवला, नजर लागू नये म्हणून. सुहैरची आई हसली. “नळाचं पाणी चौथ्या मजल्यावर चढत नाही, आणि सातासमुद्रापलीकडून आवाज चढणार म्हणे! आला तरी तो काय बोलेल? आमची बोली त्याला कोण शिकवणार?” पण त्याच बाईने त्या आठवड्यात तीनदा विचारलं, की आवाज तरुण असेल की म्हातारा.

मादामची स्वप्नं तर विचारूच नका. कधी म्हणायच्या, तो बातम्या वाचणाऱ्यासारखा असावा, भारदस्त. कधी म्हणायच्या, नको, बाईचाच असू दे, माझ्या जोडीला कुणीतरी. मग लगेच, “नको नको, एका टेबलावर दोन ऑपरेटर बायका? पहिल्याच दिवशी भांडण!” आणि स्वतःच खुदुखुदु हसायच्या. त्यांनी खुर्चीत घालायला उशी शिवून घेतली होती. खुर्ची मिळायच्या आधी उशी!

मी त्यासाठी एक सोमवारचा रोजा धरला. कॉम्प्युटरसाठी रोजा धरावा का, असं आधी मनात आलं. मग वाटलं, मी अल्लाकडे भाजीतल्या मिठापासून सगळं मागते, एका बाईला तिची खुर्ची मागायला कसली लाज?

आणि बुधवारी त्या कोपऱ्यातल्या खुणेने सांगितलं, तयार आहे. मी तिसऱ्या मजल्यावरून ओरडले, सुहैरच्या आईने चौथ्यावरून आनंदाची किलकारी ठोकली, आणि समोरच्या इमारतीतल्या बायकांनी विचारलं, कुणाचं जमलं?

तर असा हा शुक्रवार. मशीन बंद करून मी वर गेले तेव्हा मादाम ठेवणीतला पोशाख करून बसल्या होत्या. कॉम्प्युटर या काळात मुका असणार, म्हणून पडदा वाचायचं काम माझं.

“किती?”

“दहा टक्के, मादाम.”

“आता?”

“दहाच.”

“अगं, नीट बघ.”

सुहैरची आई वरून आली ती हातात पितळेचा खलबत्ता घेऊनच. मुलुखियाच्या भाजीला लसूण-धणे कुटायचे होते, विजेवरचं यंत्र लावायला मादामची बंदी, मग करते काय? ती दाराशी फतकल मारून बसली आणि ठण ठण कुटू लागली. उकाडा असह्य. आम्ही तिघीच, पुरुष सगळे मशिदीत, म्हणून दार लोटून आम्ही डोक्यावरचे रुमाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकले.

निम्म्यावर आलं आणि दिवा मंदावला. पंखा घरघरला.

मादाम ताडकन उठल्या. भिंत, दार, स्वयंपाकघर, खिडकी, कुठेही न अडखळता. “पहिला मजला! हाजींच्या घरी कोण आहे? तुमचा गीझर चालू आहे, मला ऐकू येतोय. आत्ता बंद, आत्ता!”

खालून हाजींच्या बायकोचा आवाज आला, “माझ्या अंगाला साबण लागलाय गं!”

“साबण राहू दे! गार पाण्याने कुणी मेलेलं नाही!”

दिवा सावरला. मी मनातल्या मनात कुराणातली फातिहा म्हणत होते, एक संपली की दुसरी. आकडा चढत होता, आणि नव्वदच्या पुढे गेल्यावर पडदा एकाएकी काळा झाला. काहीच नाही. आतल्या पंख्याचा आवाजही थांबला.

“किती?” मादामनी विचारलं.

सुहैरच्या आईने कुटणं थांबवलं, मादामच्या खांद्यावर हात ठेवला आणि कुणी गेल्यावर काढतात तसला सूर काढला. “धीर धर गं बाई. राहणारा तो अल्ला एकच. तुझं आयुष्य वाढो.”

“अगं, मेलं कोण?”

“तुझा कॉम्प्युटर.”

मादामनी उशी मांडीवर घेतली आणि तिच्या कडेची शिवण बोटांनी चाचपत राहिल्या. मी आयुष्यात बरीच माणसं रडताना पाहिली, पण ती बोटं बघवेनात.

तेवढ्यात गुरगुर ऐकू आली. पडद्यावर उजेड. निळा, मग पांढरा. “मादाम!” एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्यांनी हात पुढे करून वाचणारा आवाज सुरू करायची दोन बटणं चाचपली आणि एकदम दाबली.

आणि खोलीत एक पुरुष स्पष्ट, खणखणीत अरबीत म्हणाला, “सुस्वागतम.”

पुढचं मी लिहू नये, पण लिहिते. सुहैरची आई किंचाळली आणि हाताला लागला तो टेबलक्लॉथ ओढून तिने डोक्यावर घेतला. त्यावरची चहाची भांडी खाली. मी रुमाल शोधायला वळले, तो नेमका मादामच्या खुर्चीखाली अडकलेला, म्हणून मी खिडकीचा पडदा डोक्यावरून घेतला आणि तिथेच नव्या नवरीसारखी उभी राहिले.

“काय झालं? काय फुटलं?” मादाम विचारतायत.

“मादाम, घरात परका माणूस आहे!”

“कुठे?”

“त्या डब्यात!”

मादामना आधी कळेना. कळलं तेव्हा त्या अशा हसल्या की ब्लाउजची पिन निसटली. आणि तो सभ्य गृहस्थ आपला पडद्यावरचं एकेक वाचतोच आहे, शुद्ध पुस्तकी भाषेत, शाळेतल्या मास्तरांसारखं. सुहैरची आई टेबलक्लॉथखालून हळूच म्हणाली, “आवाज तरुण आहे गं.”

एव्हाना मशीद सुटली होती. डक्टच्या तळातून हाजी साबरी ओरडले, “मादाम! माझ्या बायकोला गार पाण्याने आंघोळ घातलीत ती कशासाठी? बोलला का तुमचा पाहुणा?”

“बोलला! पाठवा ऑर्डर!”

“पाठवतो. पण लबीबच्या आईने कानात सांगायचं नाही.”

“ती पडद्यामागे आहे,” मादाम म्हणाल्या. खोटं नव्हतंच ते.

हाजी एका बोटाने टाइप करतात. सगळी इमारत खिडक्यांत उभी राहून त्या एका बोटाची वाट बघत होती. मादामचे दोन्ही हात टेबलावर घट्ट. मग टिंग झालं. त्यांनी बटण दाबलं, आणि तो गृहस्थ जराही न हसता वाचू लागला:

“हाजी साबरी यांच्या कोंबडीसाठी तीन जणांचा सोफा. लाकूड बीच, रंग गुलाबी. कोंबडीची पाठ दुखते, गादी कडक असावी.”

मादाम खिडकीशी गेल्या. घसा साफ केला. आणि त्यांचा जुना आवाज, कचेरीतला, अख्ख्या डक्टमधून खाली उतरला. “हाजी साबरी, आपली ऑर्डर मिळाली. गुलाबी सोफा, बीच, कडक गादी. कोंबडीचं माप तेवढं पाठवा. आणि कोंबडा बरोबर बसणार असेल तर चार जणांचा घ्या, नंतर तक्रार नको.”

मग हाजींचं हसू, मग त्यांच्या बायकोचं, मग सगळ्या मजल्यांचं.

“उद्या नऊला या, मादाम. खुर्ची तुमची.” आणि दोन पावलं जाऊन परत आले. “पण त्याला कानात बोलायला सांगा! माझी गिऱ्हाइकं काय मागवतात ते सगळ्या गल्लीला कळायला नको.”

सुहैरच्या आईने किलकारी ठोकली. मग खलबत्ता उचलून ती कॉम्प्युटरजवळ गेली, आणि आमच्याकडे बाळाच्या सातव्या दिवशी ‘आईचं ऐक’ म्हणत त्याच्या कानाशी वाजवतात तशी बत्त्याने ठण ठण करू लागली. “इन्शिराहचं ऐक रे बाबा! हाजी साबरीचं ऐकू नको! माझंही ऐक, पण थोडं!” लसूण सगळीकडे उडाला. मादाम टाळ्या वाजवत होत्या, उशी काखेत. मी पडद्यातून बाहेर आले आणि अल्लाचे आभार मानले, मोठ्याने, म्हणजे त्या डब्यातल्यालाही ऐकू जावं.

मग डक्टमधून परवानगी मिळाली, “सगळे मजले, लाइन मोकळी!” आणि मी खाली येऊन मशीन पुन्हा सुरू केलं. झब्ब्याला लसणाचा वास नाही, एवढं बरं.

आज सूर्यास्ताची, मगरिबची नमाज झाली की मादाम इन्शिराहचा हात धरून पुलाजवळच्या दुकानात जायचं आहे, त्यांच्यासाठी हेडफोन आणायला.