पंखवाल्यांचा तराजू

पंखवाल्यांना खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं आता फारशी उरली नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी चर्चसाठी लाकडी देवदूत कोरले, आणि दर वेळी आधी पंख, मग चेहरा. कोणी विचारलंच तर म्हणत, "पंख साधले की बाकीचा आपोआप उभा राहतो."

घरात देवदूतांवरून थट्टामस्करी कायमची. पंखवाले कॅथलिक. त्यांचा आद्यदेवदूत मिखाएल म्हणजे चिलखत घातलेला योद्धा. पायाखाली सैतान, एका हातात तलवार, दुसऱ्या हातात आत्मे तोलायचा तराजू. बायको ऑर्थोडॉक्स घरातली. तिनं माहेरून आणलेल्या फळीवरच्या चित्रात तोच मिखाएल सरळ समोर बघत उभा, एका हातात काठी, दुसऱ्यात काचेसारखा गोल.

"आमचा बघा कसा शांत आहे," ती म्हणे. "तुमचा सदान् कदा मारामारीच्या पवित्र्यात."

"अगं, तुमच्या माहेरची भांडणं मिटवून दमलाय तो," हे उत्तर ठरलेलं.

सून प्रोटेस्टंट. तिच्या चर्चच्या भिंती कोऱ्या पांढऱ्या, देवदूत भेटायचा तो फक्त वाचनात. लग्न होऊन आल्यापासून तिनं मागच्या खोलीतल्या एकाही मूर्तीला हात लावला नव्हता. केर काढायची तोही मूर्तींना वळसा घालून. पंखवाल्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. "धूळ पुसायला मी आहे की," एवढंच म्हणत.

त्यांच्या तराजूची एक खुबी होती. पारडी पितळेची, खरोखर लोंबणारी. दार उघडलं की झुळकीनं हलायची. भल्या आत्म्याच्या पारड्यात शिशाची बारीक गोळी सरसानं चिकटवली की ते खाली राहायचं. ही गोळी ते सगळ्यात शेवटी लावत, मूर्ती घराबाहेर पडायच्या आदल्या दिवशी.

हे बघतच मुलगा मोठा झाला. हातात कला होती त्याच्या, पण प्यायला लागला. एका दुपारी झोकांड्या खात आत आला आणि नुकत्याच लावलेल्या सोन्याच्या वर्खावर हात टेकून बसला. आठवड्याचं काम मातीत. पंखवाल्यांचा तोल सुटला.

"तुला या पारड्यात घातलं ना, तर ते वरच राहील! वजनच नाही तुला कसलं!"

मुलगा हसला. "मग दोन गोळ्या चिकटवा की, बाबा," म्हणाला आणि कामावर गेला. संध्याकाळी गोदामाच्या जिन्यावरून पडला, तो उठलाच नाही.

आपण काय बोललो, हे पंखवाल्यांनी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

तीन महिने गेले. आधीच घेतलेलं मिखाएलचं काम पुरं करणं भाग होतं. पंख झाले, चेहरा झाला, सैतानाची शेपटीसुद्धा रंगवून झाली. तराजूचा हात तेवढा रिकामा. फादर बघायला आले.

"उद्या मूर्ती बसवायची, आणि तराजू कुठाय?"

"नुसत्या तलवारीवर नाही का भागणार, फादर?"

"लोक म्हणतील, हातातलं कोणी पळवलं!" फादर हसायला गेले, पण पंखवाल्यांचा चेहरा बघून निघाले. जाताना हळूच म्हणाले, "जमेल तसं करा."

बायको म्हणाली, "अहो, आमच्यासारखा गोल द्या त्याच्या हातात."

"वळण बदलायचं का आता म्हातारपणी?" म्हणत त्यांनी पारडी टांगली. दोन्ही सारखी राहिली. शिशाची गोळी तळहातावर घेऊन ते बसून राहिले. चिकटवली तर खोटं, नाही चिकटवली तर आपलाच शब्द खरा.

सून चहा घेऊन आली. "काय झालं, बाबा?"

आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. ती उंबऱ्यातच उभी राहिली. कपातला चहा निवून गेला. मग म्हणाली, "बाबा, आमच्यात वाचतात, मिखाएलचा सैतानाशी वाद झाला, तेव्हा त्यानं सैतानालासुद्धा दोषी ठरवलं नाही. ते प्रभूवर सोपवलं. मग आपल्या माणसाचा निकाल तो कसा देईल? आणि तुम्ही तरी कसा द्याल?"

ती आत गेली आणि मूठ मिटून परत आली. मुठीत जाकिटाचं बटण होतं, तुटका दोरा अजून तसाच.

"त्या दिवशी सकाळी हे म्हणाले, लावून दे. मी म्हटलं, रोज काय तोडून आणता? संध्याकाळी बघू."

तिनं स्वतःच्या हातानं ते पारड्यात ठेवलं. पारडं हललं, डोललं आणि केसभर खाली येऊन थांबलं. पंखवाल्यांनी गोळी डब्यात टाकली आणि सरस गरम करायला ठेवला.

दुसऱ्या दिवशी मूर्तीपुढं उभं राहून फादर डोळे बारीक करून म्हणाले, "या वेळी पारडं जेमतेमच खाली आलंय हो."

"आलंय ना, फादर?" पंखवाले म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी ते त्या मूर्तीसमोरच्या बाकावर बसतात. उशिरा येणारा कोणी दार उघडतो, पारडं हलतं, आणि ते स्थिर होईपर्यंत पंखवाल्यांचा श्वास वर अडकलेला असतो. घरी आल्यावर सून प्रवचनाचं विचारत नाही.

"खालीच आहे ना, बाबा?"

"आहे, पोरी."

मग ती ताटं घ्यायला वळते. चौथं ताट अजूनही कधीकधी चुकून तिच्या हातात येतं.