सरांनी सोडून दिलेला शब्द

डॉ. त्र्यंबकराव सोनटक्के सरांना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा ते नगरच्या आमच्या नेत्र रुग्णालयात खिडकीशी बसून बकऱ्याच्या डोळ्याला टाके घालत होते. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. पुण्याहून पदवी घेऊन मी शस्त्रक्रिया शिकायला आले होते आणि अंगात पुण्याचे वारे भरलेले होते. डोळ्यातला दाब मोजायचे यंत्र मला वापरता येते, असे मी कोणी न विचारताच सांगून टाकले. सरांनी मान वर न करता मला डोळे मिटायला लावले आणि बोटाने आधी ओठ, मग नाकाचा शेंडा, मग कपाळ दाबून पाहायला सांगितले. मिटल्या पापणीवरून डोळा ओठासारखा लागला तर मऊ, शेंड्यासारखा लागला तर ठीक, आणि कपाळासारखा लागला तर हातातले सगळे टाकून मला हाक मारायची, असे ते म्हणाले. यंत्र कपाटात कुलूपबंद होते. पाथर्डीकडच्या शिबिरांतल्या धुळीत ते दोन दिवसही धड चालत नाही, हे मला पुढे कळले.

सरांच्या हाताचे कौशल्य त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतर मंडळी सांगतीलच. मी त्यांच्या शिकवण्याबद्दल लिहिते. खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या डोळ्यांवर ते आम्हाला महिनोन्महिने घासून घेत. कंटाळून कोणी तोंड वाकडे केलेच, तर बकरा तक्रार करत नाही म्हणून तुम्ही सर्जन झालात असे समजू नका, असा टोमणा ठरलेला असे. त्यांचा एक नियम मात्र कोणत्याही पुस्तकात नव्हता. ज्याने हात लावला, त्यानेच सांगायचे. शस्त्रक्रिया बिघडली तर नर्सला पुढे करायचे नाही. ज्याच्या हातून ती झाली त्याने स्वतः खाटेशी बसून रुग्णाला सांगायचे. माझ्याबरोबरचा एक डॉक्टर अशा वेळी चहाच्या टपरीवर जाऊन बसला. सर त्याच्या शेजारी जाऊन बसले, त्याचा चहा संपू दिला आणि मग त्याच्याबरोबर वॉर्डात आले. तो बोलत असताना सर नुसते त्याच्या पाठीशी उभे होते. पुढे तो डॉक्टर फार भला सर्जन झाला.

त्या काळी मोतीबिंदू 'पिकू द्यायची' रीत होती. डॉक्टरही तेच सांगत, गावकरीही तेच मानत. थोडे दिसते आहे तोवर हात लावायचा नाही, पुढच्या शिबिराला या. नेवाशाच्या बागायतदाराला ते जमून जाई. पण पाथर्डीकडची माणसे दिवाळी झाली की ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्यातच परतत. त्यांचे पिकणे आणि आमचे शिबिर यांचा मेळ बसत नसे. हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आले नव्हते. सरांच्याही नाही.

पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेत दिवाळीपूर्वी शिबिर भरले होते. वर्गाच्या दारा-खिडक्यांना ओल्या चादरी टांगून आम्ही शस्त्रक्रियेची खोली केली होती. तिथे अनुसयाबाई आल्या. त्यांचा डावा डोळा लहानपणी देवीत गेलेला, सगळा संसार उजव्यावर. त्या उजव्यात आता मोतीबिंदू उतरत होता. एकच डोळा म्हणून सर जपून वागले. अजून पिकला नाही, उन्हाळ्यात या, असे त्यांनी सांगितले. बाईंनी विचारले, आम्ही तर फॅक्टरीवर निघालो, तोवर टिकेल ना? सर म्हणाले, टिकेल. तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे त्यात गैर काहीच नव्हते. मी शेजारीच उभी होते आणि मलाही ते बरोबरच वाटले होते.

उसाच्या फडावर त्यांचा मोतीबिंदू फुगला. असा फुगला की डोळ्यातले पाणी वाहून जायची वाट बंद होते, आत दाब चढतो आणि मागची नस सुकत जाते. हाच काचबिंदू. डोके फुटायची वेळ आली, उलट्या झाल्या. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, सगळ्यांनी पित्त समजून लिंबू-साखर दिली. बाई मोळ्या बांधत राहिल्या. नगरला आणल्या तेव्हा त्यांच्या पापणीवर पहिली बोटे मी टेकवली. कपाळ लागले. मी सरांना हाक मारली.

ग्लिसरीन पाजून, गोळ्या देऊन सरांनी दाब उतरवला आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया केली. इतकी देखणी शस्त्रक्रिया मी पुन्हा पाहिली नाही. कळ थांबली, डोळा मऊ झाला. पण वाळलेली नस कोणाच्या हाताने हिरवी होत नाही. पट्टी सोडली तेव्हा खिडकीतून ऊन थेट तोंडावर येत होते, आणि अनुसयाबाईंनी दिवस उजाडला का, म्हणून विचारले.

नवरा म्हणाला, नशीब. सरांना तिथेच थांबता आले असते. कोणी बोट दाखवलेले नव्हते. ते खाटेशी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "नशीब नाही, बाई. दिवाळीआधी मी तुम्हाला माघारी पाठवलं. तेव्हाच करायला हवं होतं. चूक माझी."

अनुसयाबाई म्हणाल्या, "तुमी टिकंल म्हनला हुता, म्हनून मी गेले. न्हाईतर मी मागं ऱ्हायले असते."

मला रडू आवरेना म्हणून मी बाहेर व्हरांड्यात गेले.

त्यानंतर आमच्या शिबिरात पिकण्याची वाट पाहणे बंद झाले. सकाळी रांग लागली की सर पहिल्यांदा विचारत, कोयत्याला कोण जाणार? ऊसतोडीची ती माणसे पुढे. राजूरला एका पुढाऱ्याच्या मातोश्री यामुळे दुपारपर्यंत बसून राहिल्या. पुढारी तणतणले, तर सर शांतपणे म्हणाले, आजी उद्याही इथेच आहेत. ज्यांना थांबवावेच लागे, त्यांना सर टिकेल असे कधी म्हणाले नाहीत. 'मी येऊन बघतो' म्हणत, आणि खरोखर जीप काढून फडावर जात. नव्या विद्यार्थ्यांना ओठ, नाक, कपाळ शिकवून झाले की अनुसयाबाईंचे ते वाक्य ते जसेच्या तसे ऐकवत, आणि त्यांना माघारी पाठवणारा डॉक्टर मीच होतो, हेही सांगत.

पाथर्डीला गेले की सर अनुसयाबाईंकडे जाऊन बसत. त्या चहा करायला लावत, पावसापाण्याचे बोलत. झाले गेले विसरा, असे मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि सरांनीही त्याची अपेक्षा धरली नाही. बाई गेल्या त्यालाही आता बरीच वर्षे झाली. सरांनी हजारोंना दृष्टी दिली, असे या ग्रंथात पानोपानी येईल, आणि ते खरेच आहे. पण त्यांचे मन त्या एका डोळ्यापाशी अडकले ते अडकलेच. इतक्या भल्या माणसाला एवढीही सुटका मिळू नये, याचे मला फार वाईट वाटते.

गेल्या महिन्यात या लेखासाठी मी त्यांच्याकडे गेले होते. निघताना सहज बोलून गेले, सर, तब्येत छान टिकली आहे. ते हसले आणि म्हणाले, "तू तरी नको गं तो शब्द."

तेव्हा सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य मिळो, ही प्रार्थना मी मनापासून करते. पुढचे मात्र त्यांच्याच शब्दांत सांगते. सर, आम्ही येऊन बघतो.