जिवंत दगडांचं पाणी

ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही, त्याला हिंगोलीत खारं पाणी म्हणतात. नव्वद सालानंतर नवऱ्याला इकडच्या एस.टी.च्या वर्कशॉपात नोकरी लागली आणि मी वेंगुर्ल्याकडून थेट इथे आले. बोअरचं पाणी तोंडात घेतलं तर मिठाचा पत्ता नाही. पण सगळे खारंच म्हणत होते. मला वाटलं, समुद्राकाठी वाढल्यामुळे माझीच जीभ जाड झाली असेल.

सातवीत शाळा सुटलेली. ओळख कुणाची नाही. लहान मुलांच्या डॉक्टर मॅडमनी दवाखान्यात काम दिलं, तेव्हापासून आपल्याला काही येत नाही हे त्यांना कळू नये, एवढीच धास्ती. दवाखान्यातल्या गोल्डफिशची टाकी माझ्याकडे होती. नळाचं पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं, त्यातल्या औषधाचा वास उडाला की टाकीत घालायचं, तळातली घाण नळीने ओढायची. इतकं मला जमत होतं आणि मासे वर्षानुवर्षं टिकत होते.

दोन हजारनंतर कधीतरी मॅडम मुंबईला जाऊन आल्या. तिथे त्यांनी समुद्राच्या खाऱ्या पाण्यातली माशांची टाकी पाहिली होती. आल्या त्या नवी रिकामी टाकी आणि मिठाची मोठी पिशवी घेऊनच.

"ताई, आता तुमच्या माहेरचं काम. आधी जिवंत दगड येणारेत, मग मासे. जमेल ना?"

"जमेल की," मी म्हटलं. आमच्या घरी मासे टोपलीतून यायचे आणि कालवणात जायचे. समुद्राचं पाणी कुणी कधी घरात भरून ठेवलं नव्हतं.

कंपाउंडर भाऊंना दगडांचंच नवल. "दगड मरतो म्हंजी? मयतीला कोन जानार?"

मॅडमनी समजावलं. मुंबईच्या दुकानदाराने सच्छिद्र दगड वर्षभर खाऱ्या टाकीत ठेवले होते. त्यांच्या भोकाभोकांत डोळ्याला न दिसणारे जीव राहायला आले होते. तेच पुढे माशांची घाण पचवणार होते. पाणी बिघडलं तर ते सगळे मरणार आणि दगडाला कुजका वास येणार. दगड दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅव्हल्सने पोचणार होते. पाण्यातलं मीठ मोजायचा काचेचा तरंगता काटा मात्र वाटेतच फुटला होता.

मी टाकीत जारचं फिल्टर पाणी ओतू लागले तर भाऊंनी अडवलं.

"वैनी, जारचं काहून नासून राहिल्या? बोअरचं घाला. ते आधीच खारं हाये, मीठ अर्धंच लागंल."

"मला ते खारं लागत नाही हो भाऊ."

"तुमचं नका सांगू. तुमी तर जवळा बाजार गावाच्या बशीत बसून सुका जवळा आनाया निघाल्या व्हत्या. तिथं कापूस मिळतो."

सगळे हसले. मीही हसले आणि बोअरचा पाइप टाकीत सोडला. मीठ अर्धी पिशवी घातलं.

दुपारी मला राहवेना. बोट बुडवून चाटलं. आमच्या खाडीत पावसाळ्यात नदी उतरते तेव्हाचं पाणी वाटलं, समुद्राचं नाही. पण जिभेवर भरवसा कसा ठेवणार? तेवढ्यात आठवलं, लघवी तपासायच्या टेबलावर असाच एक तरंगता काटा आहे. तो साबणाने तीनदा धुतला, काचेच्या उभ्या नळीत टाकीचं पाणी घेतलं आणि काटा सोडला. मॅडमच्या चिठ्ठीत समुद्राच्या पाण्यासाठी एक हजार पंचवीस लिहिलं होतं. काटा एक हजार बारावरच थांबला.

भाऊ मागे येऊन उभे राहिले. "टाकीला काय झालं म्हनते रिपोर्ट?"

मी तशीच मॅडमच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. समुद्र मला फक्त काठावरून माहीत आहे, मासे पाळायचं काही येत नाही, आणि बोअरचं पाणी घालून बसले आहे.

"अहो, मला तरी कुठे येतंय? तुम्ही आहात म्हणून मी एवढं मागवलं," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनीच दुकानदाराला फोन लावला. बोअरच्या पाण्यातले क्षार वेगळेच, ते अजिबात नको, असं तो म्हणाला. टाकी रिकामी केली. राहिलेली अर्धी पिशवी पुरेना, म्हणून टाकी निम्मीच भरायची ठरली. जार भाऊंनीच उचलून आणले, तोंडाने बडबडत. संध्याकाळी काटा पंचवीसवर आला.

दगड ओल्या कागदात गुंडाळून आले. आत ठेवले ते करडे, कुरूप दिसत होते. रोज सकाळी मी झाकण काढून वास घ्यायची. दुसऱ्या दिवशी थोडा कुजका आला. तिसऱ्या दिवशी कमी झाला.

आठवडाभराने एका भोकातून काहीतरी बाहेर आलेलं दिसलं. दाढीच्या ब्रशासारखा, पण नखाहून लहान, तपकिरी पिसांचा झुबका. माझी सावली पडली तसा आत गेला. मी श्वास धरून बसले. पुन्हा आला.

मॅडमना हाक मारली. त्या पेशंट सोडून आल्या, भाऊही आले.

"काय आहे हो हे?" मॅडमनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि जरा सरकून त्यांना जागा करून दिली.