खोट कोणाच्या कुळात

मी अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, हे आमच्या घरच्यांना दोनच वेळी आठवतं. कोणाला विंचू चावला की, नाहीतर म्हैस गाभण राहिली नाही की. पहिल्याला मी दवाखान्यात पाठवतो, दुसऱ्याला गुरांच्या डॉक्टरकडे. तरी आमच्या गावी, भातकुलीत, माझ्या शब्दाला वजन आहे. का आहे, ते मलाही माहीत नाही.

ती वर्षं शेतीला वाईट होती आणि शेती करणाऱ्या पोराला कोणी पोरगी देत नव्हतं. म्हणून सगळ्यांत धाकट्या भावाला नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात नोकरी लागताच स्थळांची रीघ लागली. पातूरची पोरगी पसंत पडली. साक्षगंधाला नऊ दिवस उरले असताना हा अकोल्याला आला, तो थेट माझ्या प्रयोगशाळेत.

"दादा, मले पोरी आवडत नाई," तो म्हणाला. "मले पोरं आवडते. लहानपणापासून. लय जोर लावून पाह्यला, पण नाई होत. बाबाले तू सांग."

सख्ख्या भावाच्या खांद्यावर हात ठेवायची ती वेळ होती. मी काय केलं? घसा खाकरून म्हणालो, "आनुवंशिकतेच्या दृष्टीनं पाहिलं तर..."

तो चांगली पाच मिनिटं ऐकत राहिला. मग म्हणाला, "दादा, तू मले शिकवून राहिला काय? पोरीचा साखरपुडा हाये माह्याशी."

मी ओशाळलो, पण सुधारलो नाही. विज्ञानानं समजावलं की बाबा समजतील, अशी माझी पक्की खात्री. रविवारी भातकुलीला गेलो. बाबा, आई आणि साक्षगंधाच्या तयारीला आलेला मामा ओसरीवर बसले होते. धाकटा दाराशी उभा होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, आणि कोणी काही बोलायच्या आत जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर वंशावळ काढली. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. रंगांधळेपणा शिकवताना फळ्यावर काढतो, तशीच. धाकट्याचा चौकोन काळा केला. आईचे एक काका जन्मभर बिनलग्नाचे राहिले होते, त्यांच्या चौकोनात प्रश्नचिन्ह टाकलं.

आमच्याकडे सोयरीक जुळवताना आधी कूळ विचारतात, मग मामकूळ, आणि दोन्हींत खोट शोधतात. अशा माणसांसमोर मी खोटीचा नकाशाच मांडला होता.

बाबांनी त्या प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं. "मामकुळातून आलं. म्या म्हनतच होतो."

मामा उसळला. "भाऊजी, तोंड सांभाळा! माहा काका सज्जन मानूस होता. तुमच्या आत्याचा पोरगा नाटकात लुगडं नेसे, तो कोनाचा?"

"लुगड्याचा काय संबंध?"

"मंग बिनलग्नाचा काय संबंध?"

मी मध्ये पडलो. म्हणालो, असा एकच जीन नसतो. पुष्कळ असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. शिवाय आईच्या पोटातल्या काही गोष्टी असतात. लावून घेतलेलं वळण नाही हे, संगतीनं लागत नाही आणि कोणाच्या वागण्यानं होत नाही. थोरले भाऊ जितके जास्त, तितकी ही शक्यता थोडी वाढते, असंही आढळलंय.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही तिघे भाऊ, त्यातला मी थोरला. "म्हंजे हे तुह्यानं झालं?"

तेव्हा आईनं विचारलं, "ज्याईले लेकरं होत नाई, त्याईचं बी पुढं कसं जाते? असे मानसं कवाचे सरून जायाले पायजे होते ना?"

वीस वर्षं हा प्रश्न वर्गात कोणी विचारील म्हणून मी वाट पाहिली होती. तो विचारला चौथी शिकलेल्या बाईनं. मी सांगितलं, ते चिमूटभर जीन सगळ्यांतच विखुरलेले असतात. लेकरंबाळं असलेल्यांतही असतात आणि त्यांच्यामार्फत पुढं जातात. तिथं त्यांचा दुसरा काही फायदा होत असेल, असं काही जण म्हणतात. पण नक्की काय ते विज्ञानाला अजून उलगडलेलं नाही.

"म्हंजे तुमच्यातबी असन आन् माह्यातबी," आई बाबांना म्हणाली. "मंग भांडून काहून राहिले?"

धाकटा दारातून बोलला. "बाबा, कोनाकडून आलं ते सापडलं तर लगन मोडान, आन् नाई सापडलं तर लावान काय? त्या पोरीनं काय केलं?"

कागद माझ्या हातात तसाच राहिला. इतक्या वेळात त्या पोरीचं नाव कोणीच काढलं नव्हतं. चौकोन-गोल काढणाऱ्यानं तर नाहीच.

"शब्द गेला हाये," बाबा म्हणाले. "आता मोडलं तर पोरीतच खोट हाये म्हनतीन लोक. तिले दुसरं स्थळ कुठून येईन?"

"मंग तुमीच जा," आई म्हणाली, "आन् चार मानसांत सांगा."

दुसऱ्याच दिवशी मी आणि बाबा पातूरला गेलो. बाबांनी कॅलेंडरचं पान घरीच ठेवायला लावलं आणि मला बजावलं, "तू एक शब्द बोलू नको." मुलीच्या वडिलांना त्यांनी भावकीतल्या चौघांना बोलावून घ्यायला सांगितलं. ते जमल्यावर बाबा उभे राहिले.

"साक्षगंध होनार नाई. तुमच्या पोरीत खोट नाई. हे म्या कुठंबी, कोनासमोरबी सांगीन."

"मंग खोट तुमच्या पोरात हाये?" मुलीचा बाप कडाडला.

"नाई. त्यानं लगन करू नये एवढंच. ते त्यानं सांगतलं, पन त्याले न इचारता घाई म्या केली. चूक माही हाये."

चहा तर सोडाच, बसासुद्धा म्हटलं नाही कोणी. मुलीच्या चुलत्यानं आम्हाला फाटकापर्यंत शिव्या घातल्या, आणि बाबांनी त्या मान खाली न घालता ऐकल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलट उत्तर न देताना पाहिलं.

अकोल्याच्या एसटीत ते खिडकीशी बसले. अकोला जवळ आलं. मग म्हणाले, "धाकट्याले फोन लाव. कालपासून जेवला नाई म्हने तो. झालं म्हनावं, जेव."