तीन नंबरचा सिलिंडर

"गाडी खोकतेय," देवधर बाई म्हणाल्या. "तुम्ही बरी केल्यापासून."

गॅरेजमध्ये दोन गिऱ्हाइकं उभी होती. दोघांनीही ऐकलं. पुण्यात गिऱ्हाईक आरडाओरडा करत नाही. एक वाक्य टाकतं आणि गप्प बसतं. ते जास्त झोंबतं.

दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या गाडीचे चारही स्पार्क प्लग आणि चारही कॉइल बदलून दिले होते. प्लग सिलिंडरमध्ये ठिणगी पाडतो. त्याच्या डोक्यावर कॉइल बसतो, तो बॅटरीचे बारा व्होल्ट हजारोंवर नेतो. ठिणगी पडली नाही तर पेट्रोल जळत नाही आणि गाडी झटके खाते. याला म्हणायचं मिसफायर. चौघांनी खाट उचललीय आणि एकाने मध्येच हात सोडला, असं समजा.

देवधर बाई नारायण पेठेतल्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. वय अडुसष्ट. कोथरूडला एकट्याच राहतात आणि चौदा वर्षं जुनी गाडी स्वतः चालवतात.

"रविवारी निखिल येतोय," त्या म्हणाल्या. निखिल म्हणजे मुलगा, खराडीला आयटीत. "तोवर गाडी अशीच राहिली तर तो ती विकायला घेऊन जाणार. मी तसा शब्द दिलाय. रागात दिला, पण दिला."

"मग काय, रिक्षा आहेत, कॅब आहेत."

"जगताप, रिक्षावाल्याची मर्जी सांभाळत मी चाळीस वर्षं काढली. आता मला कुठे जायचंय ते मी कुणालाही विचारणार नाही. आज गुरुवार आहे. कामाला लागा."

त्या गेल्या आणि निखिलचा फोन आला. "काका, खरं सांगा. आईच्या ड्रायव्हिंगचाच प्रॉब्लेम आहे ना? ती अर्धा क्लच दाबूनच चालवते."

इथे मी माती खाल्ली. नवे पार्ट मी टाकलेले, झटके त्यानंतर सुरू झालेले. स्वतःची कातडी वाचवायला मी म्हणालो, "वयोमानाप्रमाणे थोडं होतंच." अर्ध्या क्लचने क्लचप्लेट जळते, मिसफायर होत नाही, हे मला सव्वीस वर्षांपासून ठाऊक आहे. तरी बोललो.

स्कॅनर लावला. हा गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा, मग तो तक्रार सांगतो. तक्रार होती, तीन नंबरच्या सिलिंडरला मिसफायर. आमच्या धंद्यातली सगळ्यात सोपी तपासणी म्हणजे अदलाबदल. तीनचा कॉइल दोनवर टाकायचा, दोनचा तीनवर. बिघाड कॉइलच्या मागोमाग दोनवर गेला तर कॉइल चोर. मी अदलाबदल केली. बिघाड तीनवरच ठाण मांडून बसला. म्हणजे कॉइल सुटला.

यानंतर प्लगची अदलाबदल करायची. हे कालचं पोरही सांगेल. मी केली नाही. प्लग कोरा, कंपनीचा, आणि बसवला कोणी? जगतापने! तो बिघडेल होय?

मग मी पेट्रोल उडवणारे इंजेक्टर अदलून बदलून पाहिले. काही नाही. पेट्रोल पंपवाल्याला शिव्या घातल्या. शेवटी शनिवार पेठेतल्या पार्टवाल्याला फोन लावला.

"डुप्लिकेट माल दिलास काय रे?"

"मेकॅनिक डुप्लिकेट असला की ओरिजिनल मालही तसाच वाटतो," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

शुक्रवार असा गेला. शनिवारी सकाळी बाई येऊन खुर्ची टाकून बसल्या. आता कॉम्प्रेशन बघायचं राहिलं होतं, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब किती होतो ते. तीन नंबरला दाब कमी भरला तर व्हॉल्व्ह गेला. मग इंजिन उघडा. रविवार सोडा, ती गाडी पुन्हा रस्त्यावर आली असती की नाही शंकाच होती. मी बाईंना ते सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, पण पर्सचा पट्टा घट्ट धरून बसल्या.

चारही प्लग काढून ट्रेमध्ये टाकले. गेज लावलं. चारही सिलिंडरला दाब सारखा! बाईंपेक्षा मलाच हायसं वाटलं. प्लग परत बसवले, सेल मारला. गाडीने पुन्हा झटका दिला. स्कॅनर म्हणाला, एक नंबरच्या सिलिंडरला मिसफायर.

"तीन बरा झाला आणि एक आजारी पडला. भूत आहे बाई या गाडीत!"

"मधल्या वेळात तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. प्लग काढले, बसवले."

"ज्याचा त्याच्या जागी?"

ट्रेमधून हाताला येईल तो बसवला होता.

"मग अज्ञात राशी प्लगमध्ये आहे. नववीचं गणित आहे हे, जगताप."

एक नंबरचा प्लग काढला. सकाळी काढताना मी सगळ्यांची खालची टोकंच बघितली होती. वर पांढरा चिनीमातीचा भाग असतो, वीज बाहेर निसटू नये म्हणून. त्यावर तांबूस डाग होता आणि डागातून केसाएवढी काळी रेघ गेली होती.

डाग ओळखीचा वाटला. अरे देवा! खंडेनवमीला मी गॅरेजमधल्या हत्यारांची पूजा करतो. पाने, जॅक, स्कॅनर, सगळं मांडतो. बाईंचे प्लग त्याच दिवशी आले होते. नवी वस्तू, पूजेत हवीच, म्हणून खोक्यातला एक प्लग काढून मांडला आणि त्याच्या गोऱ्यापान डोक्यावर ओल्या हळदकुंकवाचं बोट लावलं. पुजलेल्या वस्तूवरचं कुंकू पुसू नये, असं आमची आई सांगायची. आईला बिचारीला स्पार्क प्लग माहीत नव्हता. मी तो तसाच इंजिनमध्ये बसवला, आणि विजेने सिलिंडरमध्ये ठिणगी पाडायची सोडून त्या डागावरून बाहेरची वाट धरली.

नवा प्लग टाकला. खबरदारी म्हणून कॉइलची रबरी टोपीही बदलली. गाडी लोण्यासारखी चालू लागली.

रविवारी निखिल आईला घेऊन एसी लावून चांदणी चौकाचा चढ चढून आला. "काका, एकही झटका नाही. काय होतं?"

बाई माझ्याकडे बघत होत्या. पार्ट खराब होता, असं सांगून सुटता आलं असतं.

"प्लगला कुंकू लागलं होतं. मीच लावलेलं. आईच्या क्लचचा काडीचा संबंध नाही. ते मी स्वतःला वाचवायला बोललो. गाढवपणा केला, माफ करा बाई."

निखिल लाल झाला. त्याने किल्ली आईच्या हातात दिली.

"कबूल करायला तुम्हाला तीन दिवस लागले," बाई मला म्हणाल्या. "माझी नववीची मुलं मधल्या सुट्टीच्या आत करायची."

धडा विचाराल तर एवढाच. बिघाड शोधताना आधी आपल्या हाताने काय बसवलंय ते काढून बघावं, गिऱ्हाइकाचे पाय नंतर बघावेत. मी हा धडा सव्वीस वर्षं दुसऱ्यांना देत होतो.

बाईंनी गाडी चालू केली. निखिल पुढचं दार उघडायला गेला.

"मागे बस," बाई म्हणाल्या. "पुढे माझी पर्स आहे."